भिंतीपलीकडची ताई

"कसं काय, ताई?" असं विचारलं की ती शिलाई मशीनवरचा पाय थांबवायची, दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची आणि म्हणायची, "आजच्यापुरतं हाय, भाऊ." ओंजळीत कधी दोन-चार बटणं असायची, एरवी काहीच नाही.

ताडकळसला आमच्या भिंतीला लागून ती भाड्याने राहायची. ब्लाउज शिवायची. ख्रिस्ती होती. तिच्याबद्दल बरंच काही बोललं जातं, तुम्हीही ऐकलं असेल. मी शेजारी होतो, म्हणून खरं काय ते लिहितो.

तिचा तरणा मुलगा तापाने गेला होता. एकदा म्हणाली, "आधी देवाकडं लय मागायचे मी. पोरगा वाचू दे म्हणलं, न्हाई वाचला. लय भांडले त्याच्याशी. आता मागत न्हाई, नुसती त्याच्यापाशी बसते."

"मग देवाला काम काय उरलं?" मी चिडवलं.

"मला सांभाळायचं. सोपं हाय का ते?"

रविवारी तिच्याकडे प्रार्थना असायची. दार सताड उघडं. माझी बायको गुडघ्यांनी बेजार. तीही जाऊन बसायची, सवयीने नारळ घेऊन. ताई तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटायची, भिंतीवरून मलाही. संध्याकाळी बायको नेहमीसारखा तुळशीला दिवा लावायची. तिला कुणी काही सोडायला सांगितलं नाही. तिची चिडचिड तेवढी कमी झाली.

मग समोरच्या लिंबाखाली मोटारसायकली थांबू लागल्या. पोरं इंजिन चालू ठेवून बसायची, मोबाइल त्या दाराकडे धरून. बोलायची काहीच नाहीत. दर रविवारी एखादी गाडी वाढायची.

मला भीती वाटली, ती माझ्या घरासाठी. म्हणालो, "ताई, दार लावून घेत जा."

"लपवायसारखं काय हाय?"

"दिवस बरे नाहीत. ऐका माझं."

"तुमी म्हणायलाव तर लावते."

दार लागलं आणि गावात कुजबुज सुरू झाली, की आता आत नक्कीच काहीतरी चालतंय. पुढच्या रविवारी पोरं माझ्या ओट्यावर आली. "काका, आत काय करायलेत?"

आतून गाणं ऐकू येत होतं. त्यात माझ्या बायकोचाही आवाज होता. मी म्हणालो, "दार बंद असतंय. मला काय माहीत?"

त्यांनी दार लाथेने उघडलं. एकेकाच्या तोंडासमोर मोबाइल धरला. मशीन नालीत लोटलं. घरमालकाने तिला खोली सोडायला लावली.

जायच्या दिवशी, टेम्पो उभा असताना, ती आमच्याकडे आली. बायकोच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं. निघताना मला म्हणाली, "तुमचं बोलणं आत ऐकू आलं, भाऊ. वैनीनी बी ऐकलं. भ्याला होता तुमी. मी बी भ्याले होते."

ती कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. पोरं मात्र आता माझ्याच ओट्यावर बसतात. "काका, तुमी आपले. कुणाकडं काय चालतंय, सांगत जा."

आज रविवार. मघाशी आमच्या स्वयंपाकघरातून तेच गाणं आलं. पोरं बोलायची थांबली.

"काका, कोण म्हणायलंय?"

"माझी बायको," मी म्हणालो.

एकाने खिशातून मोबाइल काढला. हे लिहितोय तोवर त्यांच्यातला एकही ओट्यावरून उठलेला नाही, आणि आतलं गाणंही थांबलेलं नाही.