वाघापायी बदललेला बाप

वयाच्या बाराव्या वर्षी मी माझ्या वडिलांचा चुलतभाऊ झालो. यात कुणाचाही दोष नव्हता. असलाच तर बैलांचा.

आमचे वडील, म्हणजे आबा, पारोळ्याच्या बाजारात बैल पारखण्यात पटाईत. पाठीवर नुसता हात फिरवून ते बैलाचं वय, त्याची चाल आणि त्याच्या मालकाचा खोटेपणा, तिन्ही सांगत. (माणसांची पारख मात्र बेताची. मी पुढे फार हुशार निघणार, असं ते गावभर सांगत.) त्या वर्षी सातपुड्यापलीकडच्या एका संस्थानचे कारभारी बैल घ्यायला आले. आबांनी निवडलेली जोडी पाहून ते इतके खूश झाले की त्यांनी आबांनाच मागणी घातली. दरबारी बैलखान्याची जमादारी, राहायला कौलारू घर आणि डोक्याला जरीचा फेटा! अट एकच होती. ही जागा फक्त संस्थानच्या रयतेला मिळे. आबांनी इंग्रज सरकारची रयत राहायचं सोडून राजाची शपथ घ्यायला हवी होती.

"घेसू की," आबा म्हणाले. "इंग्रज काय मना सोयरा शे?"

शेजारच्या घरात आबांचे चुलते राहत, त्यांना सगळे नाना म्हणत. नाना-नानींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आमच्या घरात लक्ष घालायला नानांना भरपूर सवड होती. कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला खेपा घालून ते स्वतःही अर्धे वकील झाले होते.

"तू राजानी रयत व्हशी," नाना म्हणाले, "मंग या पोऱ्यानं काय?"

'पोऱ्या' म्हणजे मी. हेच विचारायला नाना आम्हा दोघांना घेऊन धुळ्याला आपल्या ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेले.

"सोपं आहे," वकीलसाहेब म्हणाले. "बाप ज्याची रयत, त्याची अज्ञान मुलंही त्याचीच रयत. तुमचा थोरला सज्ञान आहे, तो इंग्रजाकडे राहील. मुलीचं लग्न झालंय, ती नवऱ्याच्या मागे. हा धाकटा मात्र तुमच्याबरोबर आपोआप संस्थानचा होणार. त्याला कुणी विचारणार नाही."

मला कुणी विचारत नाही, यात नवीन काहीच नव्हतं. पण चहा पिता पिता साहेबांनी आणखी एक माहिती दिली. त्या राजाला शिकारीचं वेड होतं, आणि रयतेच्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक पोराला हाक्याला जावंच लागे. राजा मचाणावर बसे, आणि पोरं झाडीतून पत्र्याचे डबे वाजवत वाघाला त्याच्याकडे हाकत.

"वाघ कुठे असतो?" मी विचारलं.

"पोरांच्या पुढे." वकीलसाहेबांनी थोडा विचार केला. "बहुतेक."

घरी आल्यावर मायला हे कळलं आणि ती चुलीपुढून ताडकन उठली. "मना पोऱ्या वाघना मांगे डबा वाजाडी? ती जमादारी घाला चुल्हामा!" पण आबांच्या डोक्यावर फेटा केव्हाच चढला होता. बाजारात चालतानासुद्धा ते मान अशी जपून वळवत की जणू फेटाच विस्कटेल. माय आबांशी बोलेना, आबा जेवेनात, आणि मी दोघांच्या वाटणीचं जेवत काळजी करत होतो. डोळे मिटले की वाघ दिसे, आणि तो नेहमी माझ्या मागे असे.

शेवटी तोडगा काढला नानांनी. "पोऱ्या बापना मांगे जास ना? मंग बापच बदला."

मग त्यांनी मला जवळ ओढलं.

"माले पोऱ्या नही. याले माले दत्तक द्या. मी इंग्रजनी रयत शे, हाई बी इंग्रजनी रयत राही. तू जाय तुना राजाकडे."

कायद्यात कुठेच खोट नव्हती. आबांना फेटा मिळणार, नानांना मुलगा मिळणार, आणि वाघाला मी मिळणार नव्हतो. आठवड्याच्या आत भटजी आले, मांडे झाले, आबांनी नानांच्या हातावर पाणी सोडलं आणि मला त्यांच्या मांडीवर बसवलं. (मी तेव्हा अंगाने चांगलाच भरलेला होतो. विधी संपला तेव्हा नानांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यांना दोघांनी धरून उठवलं.)

मग नात्यांचा जो काला झाला, तो विचारू नका. आबा माझे चुलतभाऊ. माय माझी वहिनी. थोरला भाऊ भिला माझा पुतण्या! मी त्याला म्हटलं, काकाच्या पाया पड. त्याने काकाचा कान धरला. पंगतीत माय वाढायला आली आणि म्हणाली, "भाऊजी, आखो मांडा वाढू का?" पदर तोंडाला लावून ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मी मान खाली घालून मांडा संपवला आणि आणखी एक मागितला.

मग आबा शपथ घ्यायला निघाले. सोबतीला नाना. दरबारात काय झालं ते आबांनी नंतर आयुष्यभर सांगितलं, पण एकदाही हसून नाही. कारभाऱ्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

आबा सरळ माणूस. "थोरला सज्ञान. धाकटा परवाच दत्तक दिधा."

"का?"

"वाघना भ्यावमुळे."

कारभारी गंभीर झाले. "आमच्या भरवशावर ज्याला पोटचं पोर आणवत नाही, त्याच्या भरवशावर आम्ही राजाचे बैल कसे सोपवायचे? आणि पोर घेतलं कुणी?"

नाना पुढे झाले.

"या वयात दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतलंत! असा माणूस पाहिजे आम्हाला. बैलांतलं काही कळतं?"

नानांना बैलाचं पुढचं टोक कोणतं एवढंच ठाऊक होतं. तरी आबांकडे हात करून ते म्हणाले, "याले मीच शिकाडं." आणि तिथल्या तिथे शपथ घेऊन मोकळे झाले!

परत आले तेव्हा फेटा नानांच्या डोक्यावर होता. आबा बोडक्या डोक्याने मागून चालत होते. आता नाना राजाची रयत. आणि नानांचा अज्ञान मुलगा? कायदा काही बदलला नव्हता, फक्त बाप बदलला होता. दत्तविधान काही परत फिरवता येत नाही. नाना, नानी आणि मी सातपुडा ओलांडून गेलो.

थंडीत हाका निघाला. माझ्या हातात डबा, मागे सक्तीने आणलेले नवे जमादार, म्हणजे नाना. झाडीत काहीतरी गुरगुरलं. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते इतकंच की डबा खाली होता, मी सालईच्या झाडावर होतो, आणि माझ्या वरच्या फांदीवर फेट्यासकट नाना आधीच होते.

तरी खाली डबा वाजतच होता. पाहतो तो आबा! मायने त्यांना भाकरीचं गाठोडं देऊन चोरून पाठवलं होतं, आणि इंग्रजांची ही रयत परक्या राजाच्या रानात माझ्यासाठी जिवाच्या आकांताने डबा बडवत होती. मला इतकं भरून आलं की मी फांदी आणखी घट्ट धरली. झाडीतून एक रानडुक्कर निघालं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेलं. त्या गोंधळात वाघ भलत्याच बाजूने पसार झाला.

शिकारखान्याचा हवालदार रागाने लाल होऊन धावत आला.

"सरकारी डबा टाकून झाडावर चढलेला हा पोरगा कुणाचा?"

खालून आबांनी वर नानांकडे बोट दाखवलं. वरून नानांनी खाली आबांकडे. आणि मधल्या फांदीवर बसून मला, खरं सांगतो, दोघांचंही पटत होतं.