खोडलेली वाक्यं

काल मुलीच्या लाल पेन्सिलीला टोक करताना लाकडाचा वास आला आणि जे. पी. नगरातला अक्कांचा हॉल आठवला. रेडिओतून निवृत्त झालेल्या अक्का तिथे आम्हाला निवेदन शिकवायच्या. एकदा त्यांनी टीव्हीवर, आवाज बंद करून, शिवाजीनगरच्या बाजारात गजरे गुंफणारी बाई दाखवली आणि त्यावर निवेदन लिहायला सांगितलं. बेळगावच्या शाळेत मी निबंधाची बक्षिसं मिळवलेली, त्यामुळे झोकात पानभर लिहिलं: पांढऱ्याशुभ्र कळ्या, हिरवा दोरा, चपळ बोटं. अक्कांनी लाल पेन्सिलीनं जवळजवळ सगळं खोडलं. "हे दिसतंय की गं! दिसतं ते कशाला सांगतीस?" माझे डोळे भरून आले. तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला, डोळे मिटले आणि नेहमीसारखं कानडी मिसळत म्हणाल्या, "आता रेडिओ. खोडलेलंच वाच, स्वल्प सावकाश." मी वाचत गेले. वाचून संपल्यावर मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "सरी, बरोबर. आता दिसली बाई." परवाच त्यांना भेटून आले. त्यांची नजर पार गेलीय. माझा हात चाचपत हसून म्हणाल्या, "टीव्ही बंद पडला बघ माझा. बस, काय काय दिसतंय ते सांग." मी खिडकीपासून सुरुवात केली.