लिसार्दो मागे राहिला

आदल्या संध्याकाळी ओब्दुलियाने नवऱ्याच्या थडग्यावर थाप मारून बजावलं होतं, "लिसार्दो, उद्या सान आन्द्रेसला निघायचं. आता सबबी नकोत." जिवंतपणी त्याने सबबींशिवाय दुसरं काही सांगितलं नव्हतं. कधी कालवांचा हंगाम, कधी पाठदुखी. जो जिवंतपणी सान आन्द्रेस या संताच्या यात्रेला जात नाही त्याला मेल्यावर जावंच लागतं, हे सेदेइरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मेलेल्याला एकट्याला वाट सापडत नाही. घरच्यांनी बोलत बोलत न्यावं लागतं, नाहीतर बिचारा सरडा होऊन सरपटत जातो.

म्हणून सकाळपासून तिची टकळी चालू होती. "इथे चिखल आहे हं. बघ, रामोनने कुंपण किती पुढे सारलंय. तू असतास तर डोकं फोडलं असतंस त्याचं."

सोबत मुलगी नोएलिया, ओठ घट्ट मिटून. ती बापासाठी आली नव्हती, आईच्या गुडघ्यासाठी आली होती. तिने एका घटस्फोटित माणसाशी कचेरीत जाऊन लग्न केलं, तेव्हा लिसार्दो म्हणाला, "मला मुलगीच नाही." मरेपर्यंत त्याने तो अबोला पाळला. तिनेही पाळला. हट्टात दोघं एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

दुपारी पिलारच्या खानावळीत दोघींनी सूप घेतलं. तिसरा वाडगा लिसार्दोसाठी भरला, त्याचं तिथे कोणाला नवल वाटलं नाही. मग पिलारने आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा लावली. ती कशीबशी तोडून दोघी निघाल्या आणि चढ चढून कड्यावरच्या दगडी क्रूसापाशी पोचल्या.

"दमलास का रे?" ओब्दुलियाने विचारलं, आणि ती जागीच थबकली.

"नोएलिया, निघताना मी तुझ्या बापाला हाक मारली का गं?"

"मला काय माहीत?"

"नाही मारली. त्या मेल्या पित्ताशयापायी विसरले. तो तिथेच बसलाय."

"येतील की मागून."

"बोलावल्याशिवाय तो जेवायलासुद्धा उठला नाही कधी. आता उठेल?"

ती तडक माघारी वळली. चार पावलांत गुडघ्याने दगा दिला आणि ती गवतावर कोसळली. समुद्रावरून धुकं वर चढत होतं. वाटेच्या एका अंगाला गवत संपलं की खाली थेट पाणी.

"जीव द्यायचाय का, आई? बस इथे!"

"मग तू जा."

नोएलियाचा चेहरा दगडासारखा झाला. "मी जाऊन काय करू?"

"हाक मार. मोठ्याने. मनातल्या मनात चालत नाही."

"ज्यांनी माझं तोंड पाहिलं नाही, त्यांना?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला त्याला पोचवायचंय."

नोएलिया उतरून गेली. धुक्याने तिला लगेच गिळलं.

ओब्दुलिया क्रूसाला टेकून बसली. तिचा जीव टांगणीला लागला. पोरगी पहिल्या वळणाआड बसून सिगारेट ओढेल, परत येईल, म्हणेल, मारली हाक. खरं-खोटं कोणाला विचारायचं? पिलार तर मन राखायला हो म्हणेल. म्हणजे आपण रिकाम्या हातांनी सान आन्द्रेससमोर उभं राहायचं आणि तो म्हातारा खानावळीत बसलेला! तिला पोरीचा राग आला, नवऱ्याचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त. मग धुकं इतकं दाटलं की समोरचा हात दिसेना, आणि राग जाऊन नुसती भीती उरली. या कड्यावरून आपणच पोरीला पाठवलं. एक मेलेला आणायला जिवंत घालवली तर?

ती हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

"इकडून, बाबा. कडेला नको."

मग काहीच नाही. कोणी उत्तर द्यावं, इतका वेळ.

"लग्नात पहिल्या ओळीत खुर्ची ठेवली होती तुमच्यासाठी. शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही मी. सगळे विचारत होते, ही कोणाची..." आवाज फुटला. नाक ओढल्याचं ऐकू आलं. "असू दे. चला आता."

ओब्दुलियाने आपलं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. धुक्यातून नोएलियाची आकृती हळूहळू दिसू लागली. ती कड्याच्या बाजूने चालत होती. आतली, धोका नसलेली बाजू तिने मोकळी सोडली होती.

त्यांचं बोलणं संपेपर्यंत ओब्दुलिया गप्प बसून राहिली.