तनुजाला बाद व्हायचं नसे

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत रविवारी दुपारी पोकरची स्पर्धा भरते. स्पर्धा हे आपलं म्हणायला. क्लबहाउस म्हणवणाऱ्या एका खोलीत सात-आठ जण, नावापुरती प्रवेश फी, आणि जिंकणाऱ्याच्या पदरात जे पडतं त्यात धड दोन मिसळी येत नाहीत. तरी माणसं अशी खेळतात की राहता फ्लॅट पणाला लागलाय. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हापासून पैशांऐवजी लावायच्या चकत्या वाटणं आणि भांडणं मिटवणं माझ्याकडे आहे, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं.

या मंडळींत सगळ्यात सावध खेळायची ती बी विंगमधली तनुजा. पंचेचाळिशीची, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायची ती अंधार पडल्यावर उतरायची. पोकर ती त्याच बसमध्ये, फोनवर, फुकटच्या चकत्यांवर शिकली. हिंजवडीच्या रहदारीत रोज अडकणाऱ्या माणसाला सबुरी वेगळी शिकवावी लागत नाही. नवरा विक्रम मस्कतला. घरी सासू सोजरबाई, अंथरुणाला खिळलेल्या, रात्री झोप न येणाऱ्या आणि दुसऱ्यालाही येऊ न देणाऱ्या.

रविवारी दुपारी कांताबाई सोजरबाईंपाशी बसायला येतात. पाचपर्यंत थांबायचं ठरलेलं आहे. पण त्याआधी तनुजा दारात दिसली की कांताबाई पिशवी उचलतात. "ताई, तुम्ही आलात ना, मग मी निघते." थोडक्यात, तनुजा चकत्या संपून बाद झाली आणि घरी गेली की तिचा आठवड्यातला एकमेव मोकळा वेळ संपला. हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"मग बागेत जाऊन बसावं," मी म्हणालो.

"घरी सांगून येते ना काका, खेळायला जाते म्हणून. खेळत नसताना बाहेर बसायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं."

मी पत्ते पिसले.

आमचे बाकीचे खेळाडू दिवाळीतल्या तीन पत्तीवर पोसलेले. हातात काही असो, "बघू तरी" म्हणून चकत्या टाकत राहायचं. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती आपली आपण बघायची. मग टेबलावर पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात. आपली आणि टेबलावरची मिळून ज्याचा पाच पानांचा हात भारी, तो जिंकला. सुरुवातीच्या डावांत भारी पानं आली, की तनुजा टेबलावरचं एकही पान उघडायच्या आधी बोली चढवायची. गोड बोलून लोकांना आत ओढत बसायची नाही. "सहा जण बघत बसले तर एकाचं काहीतरी जमतंच," ती म्हणायची. बोली चढली की "बघू तरी"वाले पळायचे, एखादा उरायचा. आणि टेबलावर पानं वाईट पडली, की तीच भारी पानं ती शांतपणे उलटी सरकवून द्यायची. हातातले दोन एक्के तिनं असे सोडलेले मी पाहिलेत. जिंकायची क्वचित, पण पाच वाजता ती खुर्चीत असायची आणि तिला तेवढंच हवं होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती आली तीच सुजलेल्या डोळ्यांनी. विचारलं तर म्हणाली, "झोप नाही झाली." सुरुवातीच्याच एका डावात तिनं नेहमीसारखी बोली चढवली आणि सगळे पळाले. उरले फक्त आप्पासाहेब.

आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी आप्पासाहेबांची. त्यामुळे इथून आपल्याला कुणी उठवू शकत नाही अशी त्यांची समजूत आहे, आणि ती पत्त्यांनाही लागू आहे असं त्यांना वाटतं.

पहिली तीन पानं उघडली. तिन्ही इस्पिकची: दुर्री, सत्ती, अठ्ठी. चौथा आला बदामचा गुलाम. अशा पानांवर तनुजा उठून पाणी प्यायला जाते, हे आम्हाला पाठ. त्या दिवशी तिनं समोरच्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. पोकर कळणाऱ्याला त्याचा अर्थ सरळ होता: माझ्याकडे इस्पिकचा कलर आहे, पाचही पानं इस्पिकची, जीव वाचवा.

"माझं बी सगळं," आप्पासाहेब म्हणाले.

पानं उघडी झाली. तनुजाकडे दोन एक्के, एक इस्पिकचा, एक बदामचा. कलर नव्हताच. आप्पासाहेबांकडे नव्वी आणि दश्शी, म्हणजे सत्तीपासून गुलामापर्यंत सरळ सिक्वेन्स. आता शेवटचं पान इस्पिकचं निघालं तरच ती वाचणार होती. निघाली चौकटची तिर्री. तिच्या सगळ्या चकत्या आप्पासाहेबांकडे गेल्या आणि ती बाद झाली.

"आप्पा, ती कलर दाखवत होती. तुम्ही घाबरला कसे नाहीत?" मी विचारलं.

"कलरला कशापायी भ्यायचं? सिक्वेन्स हाय माझा. सिक्वेन्स कलरला मारतोय."

तीन पत्तीत मारतो. पोकरमध्ये नेमकं उलटं आहे, हे मी त्यांना कैकदा सांगितलंय, आणि दर वेळी ते "तुमच्या खात्यात असंल" म्हणून मला गप्प करतात. बिचारीनं भीती दाखवली, तीही अशा गोष्टीची की समोरच्याला तिची भीतीच नाही.

"तू तर अशी पानं सोडतेस," मी हळूच म्हणालो.

"आठवडाभर सोडतच असते काका. ऑफिसात सोडते, घरी सोडते. आज सोडायचाच कंटाळा आला."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते कळेना.

बाद झालेले आमच्याकडे सरळ घरी जातात. तसा नियम नाही, पण कोण बसतंय दुसऱ्याची पानं बघत? तनुजानं चपला पायात सरकवल्या, दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. समोर बी विंगचा जिना दिसत होता. बऱ्याच वेळानं ती वळली.

"काका, मी इथं नुसती बसले तर चालेल?"

आप्पासाहेबांनी मान वर न करता पायानं एक खुर्ची मागे ढकलली.

"बस की पोरी. माझी पानं बघ जरा. चुकत असंल तर सांग."

ती त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली. पुढचा डाव वाटून होईपर्यंत तिला झोप लागली होती. आप्पासाहेब जन्मात हळू बोललेले नाहीत, पण त्या दुपारी ते बोली बोटांनी दाखवत होते.

एरवी पाचपर्यंत चालणारी स्पर्धा त्या दिवशी बऱ्याच आधी संपली. कोण जिंकलं ते मला आता आठवत नाही. मंडळी उठायला लागली तशी एक खुर्ची करकरली आणि आप्पासाहेबांनी सगळ्यांकडे असं बघितलं की सगळे परत बसले. मी पत्ते पिसले आणि पुन्हा वाटले. चकत्या कुणी मागितल्या नाहीत.

मध्येच तनुजानं डोळे उघडले.

"संपलं का?"

"न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "अजून लय वेळ हाय."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.