डाळिंबवाल्या मॅडम

लातूरच्या त्या सर्जन बाईंचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं. आम्ही कंपन्यांची माणसं मात्र त्यांना डाळिंबवाल्या मॅडम म्हणायचो. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं नवं इन्स्ट्रुमेंट घेऊन कुणी गेलं, की त्या आधी डाळिंब सोलायला बसत. मी माहितीपत्रक काढायला लागलो की म्हणत, "ते ऱ्हाऊ दे. दाणे काय म्हणतेत बघू."

टेबलावर बुटाचं खोकं असे. झाकणाला भोकं, आत छोटा कॅमेरा आणि दोन वाट्या. भोकातून लांब दांड्याची पकड आत घालायची आणि पडद्याकडे बघत दाणे एका वाटीतून दुसरीत टाकायचे. पोटातलं आतडंही असंच. दिसतं, पण हाताला लागत नाही. किती दाबायचं ते मुठीलाच कळावं लागतं. फुटलेले दाणे मॅडम बशीत काढत आणि बशी माझ्यापुढे सरकवत. "खा. तुझ्या कंपनीचे हायत." नांदेडहून एसटीत मांडीवर जड बॅग घेऊन आलेला मी ते मुकाट्यानं खायचो.

मॅडम चाकूरकडच्या. अंगानं लहानखुऱ्या, हात तर शाळकरी मुलीएवढे. आणि पकडींच्या मुठी बनवलेल्या थोराड पंजासाठी. अंगठा मुठीच्या कात्रीसारख्या कडीत नीट बसला तर बोटं खटक्यापर्यंत पोचत नसत. मग अंगठा कडीत खोल रुतवून, मनगट वाकडं करून त्या वर्षानुवर्षं लोकांची पित्ताशयं काढत आल्या. "बाया बी आपरेशन करतेत, हे तुमच्या कंपनीला कुणी सांगितलं न्हाई का रे?"

"मॅडम, ही डिझाईन सगळीकडं चालते."

"मग सगळीकडं जा की. लातुरात कशाला आलास?"

पुढे त्यांच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. कडीनं शीर दाबली जात होती. "मूठ बदलली तर हात ऱ्हाईल बाबा. न्हाई तर थांबावं लागंल," त्यांनी सरळच सांगितलं. तेव्हापासून माझ्या फेऱ्या वाढल्या. कडीला कापडी पट्टी गुंडाळून झाली. सरळ दांड्याची मूठ नेली, तर म्हणाल्या, "हे भाकरी उलथायला बरं हाय." घट्ट खटक्याची नेली, तर, "धरलं की सोडतच न्हाई, आमच्या पुढाऱ्यावाणी." बोलणं थट्टेचं, पण चेहरा दमलेला. मीही दमलो होतो. लहान हातासाठी काही बनवा म्हणून कंपनीला कळवावं, तर उत्तर ठरलेलं, तशी मागणी नाही. लातूरची गाडी पकडताना मला बॅगेचासुद्धा राग येई. तरी जात होतो, कारण त्या बाईंबद्दल मला माया होती.

आणि एकदा कंपनीच्याच नव्या मालात हवी तशी मूठ सापडली. कड्या नसलेली, आखूड, तळहातात मावणारी, दोन्ही हातांना सारखीच चालणारी. मॅडमनी डाळिंब सोललं. उजव्या हातानं पहिला दाणा उचलला, तो फुटला. दुसराही फुटला. पडद्यावर लाल पाणी पसरत गेलं, तरी त्या एकेक दाणा धरत राहिल्या. मी मनातल्या मनात कंपनीला शिव्या घातल्या.

मग त्यांनी पकड डाव्या हातात घेतली. दाणे अलगद उचलले गेले, अलगद दुसऱ्या वाटीत पडले. एकही फुटला नाही. मॅडमनी पकड खोक्यातून काढून पुसली आणि उजव्या अंगठ्याचं पेर डाव्या नखानं दाबून पाहिलं. नख रुतलं, तरी अंगठ्याला पत्ता नव्हता.

"हत्यार चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "ठेवून जा. आमच्याकडं नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांचा बी हात लहानच हाय."

फुटलेले दाणे त्यांनी नेहमीसारखे बशीत काढले. सवयीनं मी हात पुढे केला. त्यांनी बशी आपल्याकडे ओढली.

"न्हाई रे बाबा. हे माझे हायत."

आणि पडदा बंद करून, माझ्यासमोर बसून, त्यांनी ते सगळे दाणे खाल्ले.