सुवर्णाक्काचे बूट

वडगावात आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो. पाहुणा आला तर पहिल्या दिवशी त्याचं डोकं उठतं. आम्हाला मात्र तो आवाज थांबला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. सुवर्णाक्का या आवाजातच वाढली. तिचं माहेर इथून जवळच, शहापुरात. वडिलांचा हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. लग्न होईपर्यंत तिनं तो माग चालवला. लग्नानंतर वडगावात आली तर इथं विजेवरचे माग. बसायचं काम संपलं आणि उभं राहायचं सुरू झालं. खाली दोन माग, वर राहायच्या दोन खोल्या, नवरा यमनाप्पा, आणि एकच मुलगी रूपाली, ती आता बेंगळुरात नोकरीला.

मी माधवी, त्याच गल्लीच्या टोकाला राहते आणि मराठी शाळेत शिकवते. सकाळी येळ्ळूर रस्त्यानं पळायला जायची मला जुनी सवय. एका उन्हाळ्यात विजेच्या तारांचं काम निघालं आणि वडगावात सकाळचा करंट बंद राहू लागला. माग थांबले. रिकामं बसवेना म्हणून सुवर्णाक्का माझ्याबरोबर फिरायला येऊ लागली. ती चालायची, मी पुढं पळत जायची आणि परत येऊन तिला गाठायची.

एके दिवशी अशीच पुढं गेले तर मागून चपलांची फटफट ऐकू आली. वळून बघते तर सुवर्णाक्का. पदर कमरेला खोचलेला, निऱ्या एका हातानं वर धरलेल्या, आणि ही पळत येतेय.

"थांबू नको गं, चल!" ती ओरडली.

जोंधळ्याच्या रानाशी आम्ही दम खायला थांबलो. ती वाकून, गुडघ्यांवर हात टेकून हसत होती.

"काय झालं अक्का?"

"माग बंद पडला तरी कानात त्येचा आवाज चालूच असतोय बघ माझ्या. झोपंतसुदिक. आत्ता पळताना तो थांबला. निस्ता माझा श्वास आयकू आला." मग जरा थांबून म्हणाली, "लई बरं वाटलं."

तारांचं काम संपलं, करंट आला, माग सुरू झाले. पण सुवर्णाक्काचं येणं थांबलं नाही. फटफटायच्या आधी उठून ती तयार असायची. साडीच्या जागी सलवार-कमीज आली, चपलांच्या जागी शाळेतली पोरं घालतात तसले पांढरे कॅनव्हास. यमनाप्पा अण्णा आधी नुसते बघायचे. एकदा दारात म्हणाले, "एवढं पळून जायाचं कुठं हाय तुला?"

"कुठं न्हाय. फिरून घरलाच येतो की," ती म्हणाली.

पावसाळा सरेपर्यंत ती येळ्ळूरपर्यंत पळत जाऊन पळत परत येऊ लागली. डिसेंबरात बेळगावात एकवीस किलोमीटरची शर्यत होती. मी नाव दिलं होतं. तिनं नुसतं विचारलं, "बायकांस्नी चालतंय?" आणि मी तिचंही नाव दिलं.

रूपालीला हे कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. आईचा केवढा अभिमान वाटला होता तिला. आठवड्याभरात कुरियरनं खोकं आलं. आत बूट होते, पिकल्या लाल पेरूच्या गरासारखा रंग, हाताला कापसाइतके हलके. सुवर्णाक्कानं ते आधी देवासमोर ठेवले, हळदकुंकू लावलं, आणि मग गल्लीत सगळ्यांना दाखवले. "पोरीनं सोता दुकानात जाऊन निवडलेत," असं प्रत्येकीला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती ते घालून पळू लागली. दिसायला फार छान दिसायचे. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढं पुढं तिचं पळणं जरा बदललं. पाऊल टाकताना ती किंचित कचरायची. उतारावर मागं राहायची. विचारलं की म्हणायची, "न्हाय गं, काल जरा जास्त वेळ उभी होतो मागावर." ती लंगडतेय असं मला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा तिनं विषय बदलला.

दिवाळीच्या आधी एका रविवारी आम्ही राजहंसगडावर गेलो. चढ तिनं झकास चढला. वर किल्ल्याच्या भिंतीशी उभं राहून आम्ही पाणी प्यायलो, खाली धुक्यात येळ्ळूरची कौलं दिसत होती. उतरताना मात्र पहिल्या वळणावरच ती थांबली. दुसऱ्या वळणावर कठड्यावर बसली आणि नाड्या सोडू लागली.

मोजा निघता निघेना. निघाला तेव्हा बोटांशी रक्ताचा डाग होता. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. करंगळीची कातडी सोललेली.

"अक्का, हे कधीपासून?"

"लई दिवस झालं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं बूट मांडीवर घेतला. त्याच्यावरची धूळ पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली. "रूपाली रोज इचारती, आई, बरं हाईत न्हवं? मी म्हंतो, लई बरं हाईत. एकदा तसं म्हटल्यावर मग काय करायचं? वाटलं, चामड्यावानी सैल पडतील वापरून वापरून. न्हाईतर पाय तरी शिकंल."

त्या दिवशी नाड्या सैल सोडून, टाच मोडून ती येळ्ळूरपर्यंत कशीबशी चालत आली आणि तिथून आम्ही बसनं घरी आलो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. शर्यत आता आपल्याच्यानं होत नाही, असं तिनं मनात ठरवलं असावं.

पाय बरे व्हायला दोन आठवडे गेले. मग मी तिला शहापुरात आण्णाप्पांच्या दुकानात नेलं. दुकान लहान. पुढं शाळेचे बूट, आत पळणाऱ्यांचे. आण्णाप्पा मोजकं बोलणारे. सुवर्णाक्काकडे बघून त्यांनी पहिलं विचारलं, "दिवसभर काय करता अक्का?"

"मागावर उभी असतो."

"मग आत्ता सकाळी नको. संध्याकाळी काम उरकून या. उभं राहून पाय फुगतोय, लांब पळल्यावर बी तसाच फुगतोय. येताना पळताना घालता ते मोजे आणा. आणि जुने कॅनव्हास टाकले नसतील तर ते बी."

संध्याकाळी गेलो, रूपालीचे गुलाबी बूटही पिशवीत घेऊन. त्यांनी कॅनव्हास उलटे करून तळवे बघितले, दोन्हीकडं सारखेच झिजले होते, म्हणजे पाऊल सरळ पडत होतं, म्हणून मान डोलावली. मग एक पुठ्ठा जमिनीवर ठेवला, तिला मोजे घालून त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ मारली. गुलाबी बुटातला आतला तळ ओढून काढला आणि त्या रेघेवर ठेवला. पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर येत होतं, करंगळीकडं तर चांगलं बोटभर.

सुवर्णाक्का बघतच राहिली. "एवढा रुंद पाय हाय माझा?"

"पावड्या दाबल्यात काय लहानपणी?" आण्णाप्पांनी विचारलं.

"व्हय, आप्पांच्या मागावर."

"आमच्या आईचा बी असाच होता."

त्यांनी बायकांच्या बुटातला एक नंबर मोठा काढून दिला. लांबीला बसला, पण बाजूनं तसाच आवळत होता. मग दुसरा, जाड तळाचा, हल्ली सगळे घेतात तसला. त्यात पाय घालताच ती म्हणाली, "अगं, गादीवर उभारल्यासारखं वाटालंय!" चेहरा खुलला. मला वाटलं, झालं काम. पण आण्णाप्पा म्हणाले, "दुकानात उभं राहून कळत न्हाय. रस्त्यावर पळून या."

ती दचकली. साडीत होती. बाहेर खडेबाजारात संध्याकाळची गर्दी. तरी नाड्या बांधल्या, पदर खोचला आणि निघाली. कोपऱ्यावर वळताना तिचा घोटा कलंडला. हळूहळू चालत परत आली.

"मऊ हाय, पण पाय ठरत न्हाय ह्यात."

आण्णाप्पा आत गेले आणि वरच्या फळीवरून एक खोकं घेऊन आले. गडद निळे बूट, पुढं पसरट, तळ बेताचा. तिनं घातले. उभी राहिली. आतल्या आत बोटं हलवून बघितली, तसं बुटाच्या पुढच्या कापडावर हलतानाही दिसलं. आण्णाप्पांनी पुढं अंगठा दाबून जागा बघितली, टाच धरून हलवली, टाच सुटत नव्हती.

सुवर्णाक्काची नजर खोक्यावर गेली. "हे गड्यांचं न्हवं?"

"खोक्यावर तसं लिवलंय खरं."

"मग?"

"पळून बघा. नको वाटलं तर ठेवा."

ती परत रस्त्यावर उतरली. या वेळी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दारात उभे. भाजीवालीनं विचारलं, "कोण गं ती? काय चोरलंय काय?" बऱ्याच वेळानं ती दुसऱ्या गल्लीतून आली, देवळाला वळसा घालून. केसांचा अंबाडा सुटलेला. लोक वळून बघत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"हेच," ती म्हणाली.

निघताना आण्णाप्पांनी बजावलं, आधी थोडं थोडं घाला, शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काही नको. ती हो हो म्हणत होती, पण लक्ष पिशवीतल्या गुलाबी बुटांकडं होतं. देवळाच्या पायरीवर बसून तिनं तिथंच रूपालीला फोन लावला. स्पीकर लावायची तिला सवय, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

सगळं तिनं सरळ सांगितलं. नखं, गड, आण्णाप्पा, सगळं.

"मी रोज विचारत होते आई," रूपाली म्हणाली. "रोज. आणि तू रोज बरे आहेत म्हणत होतीस."

"तुला वाईट वाटंल म्हणून गं."

"आता काय वाटतंय मग मला?" आणि फोन बंद झाला.

सुवर्णाक्का फोन हातात धरून बसली. देवळात आरतीची घंटा सुरू झाली. "बरोबर हाय तिचं," एवढंच म्हणाली आणि उठली. नंतर दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती पळायला यायची, नव्या बुटांत पाऊल मोकळं पडायचं, पण परत येताना दर वळणाला फोन काढून बघायची.

शनिवारी सकाळी आम्ही परत आलो तर तिच्या दारात बॅग. रूपाली रात्रीच्या गाडीनं आली होती. आईला तिनं जिन्याच्या पायरीवर बसवलं, बूट काढायला लावले आणि पाय हातात घेऊन बघितले. नखाखालून नवं नख येत होतं.

"तुझ्या चपलेवरचा नंबर लक्षात होता, तोच सांगितला आणि पाठवून दिले," ती म्हणाली. "असं कुणी करतं का? तिथल्या दुकानदारानं पायाबद्दल विचारलं होतं मला. मी म्हटलं, नॉर्मल आहे."

"नार्मलच हाय की," सुवर्णाक्का म्हणाली. "जरा रुंद हाय एवढंच."

आण्णाप्पांनी दिलेला पुठ्ठा जिन्याशी टेकवून ठेवला होता. रूपालीनं तो घेतला, जमिनीवर टाकला आणि सहज त्यावर आपला पाय ठेवला. पेन्सिलीची रेघ आणि तिचं पाऊल जवळजवळ एक. तिची करंगळी आत वळलेली होती, ऑफिसच्या टोकदार बुटांनी. आधी सुवर्णाक्काला हसू फुटलं. मग रूपालीलाही. यमनाप्पा अण्णा माग थांबवून बाहेर आले, काय झालं म्हणून, आणि दोघींपैकी कुणालाच धड सांगता येईना.

गुलाबी बुटांचं काय, हा प्रश्न होता. माझा पाय निमुळता, नंबर तोच. रूपालीनं ते माझ्यापुढं ठेवले. "मावशी, तुम्ही वापरा. नाहीतर आई ते कपाटात पूजेला ठेवेल." ते मला इतके चपखल बसले की मी नाही म्हणू शकले नाही.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. आम्ही दोघी मिळून निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर होतो, एकमेकींच्या पावलाला पाऊल. मग चढ आला. माझा दम तुटू लागला. ती बाजूला थबकली.

"थांबू काय?"

"नको अक्का. जा तू."

"नक्की न्हवं?"

"जा म्हणते की!"

ती गेली. घाई न करता, एका लयीत. निळे बूट गर्दीतून दिसत राहिले आणि मग दिसेनासे झाले. मी शेवटच्या टप्प्यात बरीच चालले. पोचले तेव्हा ती मैदानात एका कडेला बसून उप्पीट खात होती, गळ्यात पदक, पायात बूट तसेच.

"उशीर केलीस," ती म्हणाली आणि तिच्या ताटलीतलं अर्धं मला काढून दिलं.

सोमवारी शाळेत जाताना सुताच्या दुकानाशी यमनाप्पा अण्णा दिसले. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. अण्णांच्या हातात सुताची गड्डी तशीच राहिली होती आणि ते सांगत होते, "एकवीस म्हंजे काय वाटतंय तुमास्नी? हितनं येळ्ळूर न्हवं. एकवीस किलोमीटर, आणि कुठं बसली न्हाय मधी!" मला बघून त्यांनी हाक मारली, "व्हय की न्हाय गं माधवी?" मी व्हय म्हटलं आणि शाळेची वाट धरली.