कुलूपबाईंच्या खोट्या चिठ्ठ्या

पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे एक लांबट खोली होती, सुट्या भागांचं स्टोअर. छतापर्यंत लोखंडी रॅक, रॅकवर पत्र्याचे डबे आणि दाराशी टेबल टाकून बसलेल्या कुलूपबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, पंपघरात ते कुणी घेत नसे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि डबा काढताना पाठ अशी वळवायच्या की मागच्याला हात दिसू नये.

या खोलीत डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवणारा हमखास फसायचा. बेअरिंग लिहिलेल्या डब्यात वॉशर, वॉशर लिहिलेल्यात गंजके खिळे. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं. विचारलं की चोरांचं नाव पुढे करायच्या, चोर मात्र कधी कुणी पाहिला नाही. घरीही साखर हळदीच्या डब्यात असे. नवरा चहा करायला गेला की आधी बोट घालून चाटून बघे.

पण बाईंना नावं ठेवण्याआधी दादांचं ऐका. दादा म्हणजे आधीचे स्टोअरकीपर, बाईंना हाताला धरून शिकवणारे. कुठल्या पंपाला कुठला भाग, कुठली कंपनी बुडाली, कुठली वस्तू आता शोधूनही मिळायची नाही, सगळं त्यांनी मोकळ्या मनाने सांगून टाकलं. सांगून संपलं आणि तेव्हाच्या साहेबांना वाटलं, आता दोघं कशाला? दादांना घरी बसवलं. टेबलावरचा चष्मा उचलताना दादांनी बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. ते बाईंच्या फार जिव्हारी लागलं. डोक्यात आहे तेवढंच आपलं, बाकी सगळं ऑफिसचं, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

त्यामुळे निवृत्ती जवळ आली आणि नव्या साहेबांनी एक मुलगी शिकायला आणून बसवली, तेव्हा बाईंना सगळा डाव कळला. मुलगी मावशी मावशी करत मागे फिरे, चहा आणून देई. बाई चहा पीत आणि मनात म्हणत, एवढा गोडवा कशासाठी ते काय मला कळत नाही? त्यांचा मुदतवाढीचा अर्ज साहेबांकडे पडून होता. घरी बसायचा नुसता विचारही त्यांना नको वाटे. तेव्हा मुलीला त्यांनी झाडणं-पुसणं तेवढं मन लावून शिकवलं.

मग डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आपण रजेवर, किल्ल्या त्या पोरीकडे! बाईंना चैन पडेना. जाण्याआधी मुलीला काहीतरी काम सांगून बाहेर पिटाळलं आणि मोलाच्या काही वस्तू घाईघाईने इकडच्या तिकडे केल्या. त्यात मोठ्या पंपाची गळती रोखणारं सील होतं, दादांनी जपलेलं, शेवटचं.

नेमका मोठा पंपच गळायला लागला. तो थांबला म्हणजे टेकडीवरच्या वस्तीचं पाणी थांबलं. फोन आला तेव्हा बाईंना, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. सील कुठे आहे ते साहेबांनी फोनवरच विचारलं, तर म्हणाल्या, सांगून कळायचं नाही, मीच येते. एका डोळ्यावर पट्टी, नवऱ्याच्या खांद्यावर हात, अशी स्वारी स्टोअरात आली. साहेबांनी स्वतः वाट करून दिली. बाईंनी सवयीने पाठ वळवली आणि डबा उघडला.

आत खिळे होते. शेजारच्यात वॉशर. वरचा डबा बघितला, मागचा बघितला. मग त्यांनी मुलीकडे मान वळवली आणि डबे कुणी हलवले, असं करड्या आवाजात विचारलं. मुलीने आपली पिशवी टेबलावर उपडी केली. जेवणाचा डबा, छत्री, रुमाल. ते बघता बघता बाईंना आठवलं, सील आपणच हलवलं होतं. कुठे, ते काही केल्या आठवेना.

“साहेब, मी विसरले,” त्या म्हणाल्या.

सील बसवायला दाराशी थांबलेला फिटर गालातल्या गालात हसला. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. “बाई, तुमचा अर्ज आत्ता मंजूर करतो. आता तरी सांगा.”

“खरंच विसरले हो.”

“मावशी, मी उद्यापासून येत नाही,” मुलगी म्हणाली. “मग तर सांगाल?”

बाईंना रडू आलं. तेही कुणाला खरं वाटलं नसावं. साहेबांनी माणसं बोलावली आणि डबे एकेक करून जमिनीवर ओतायला सुरुवात झाली. बाईंची खोली अशी उघड्यावर आली.

नवऱ्याने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, भिंतीच्या आडोशाला उभं केलं. मागेपुढे कुणी नाही असं बघून तो हळूच म्हणाला, “आता आपण दोघंच आहोत. मला तरी सांग.”